लिग्नोकेन देऊन यकृताची तपासणी: हिपॅटायटिस ‘बी’च्या रुग्णाला तिची गरज आहे का?

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातील थोरल्या भावाचे वय ४६ वर्षे आहे. गावातील शिबिरात रक्तदान केल्यानंतर त्यांच्या रक्तात हिपॅटायटिस ‘बी’चा विषाणू असल्याचा निरोप रक्तपेढीकडून आला. त्यांना कसलाही त्रास नाही आणि पूर्वी कावीळ झाल्याचेही आठवत नाही. पुढच्या तपासणीत एसजीओटी ६२, एसजीपीटी ८१ (यकृताच्या पेशींना इजा झाली की हे दोन्ही वाढतात), बिलिरुबिन ०.९, अल्ब्युमिन ४.१, आयएनआर (रक्त गोठण्याचे माप) १.१ आणि प्लेटलेट १ लाख ९० हजार असे आकडे आले. याच सुमारास दाढ काढण्याची वेळ आली, तेव्हा दंतवैद्यांनी ‘बधिर करण्याचे इंजेक्शन यकृतातच मोडले जाते, म्हणून आधी यकृताची ताकद तपासून या’ असे सांगून परत पाठवले. फार्मसीचे शिक्षण घेणाऱ्या पुतण्याने शोध घेतला, तेव्हा त्याला असे कळले की तेच बधिर करण्याचे औषध, म्हणजे लिग्नोकेन, शिरेतून देऊन १५ मिनिटांनी रक्त तपासले तर यकृत किती काम करते ते समजते. परभणीत किंवा छत्रपती संभाजीनगरात ही तपासणी कोठे होते याचा त्यांना पत्ता लागला नाही. तिच्यासाठी पुण्याला किंवा हैदराबादला जावे का, आणि तोवर दाढ तशीच ठेवावी का, असे त्यांनी विचारले आहे.

पुतण्याची माहिती बरोबर आहे आणि दंतवैद्यांच्या सांगण्यातही अर्धे तथ्य आहे. मात्र ही तपासणी झाल्याशिवाय पुढे काहीच करता येणार नाही, हा त्या दोन्हींतून निघालेला निष्कर्ष चुकीचा आहे. आपल्या बंधूंना या तपासणीची गरज नाही. हाती असलेल्या कागदांवरूनच बहुतेक उत्तरे मिळतात, आणि जे उरते त्यासाठी लिग्नोकेनच्या तपासणीपेक्षा अधिक उपयोगी आणि जवळपास होऊ शकणाऱ्या तपासण्या आहेत. तरीही ही तपासणी काय आहे ते नीट सांगतो, कारण तिच्यामागचा विचार समजला की यकृताचे नेहमीचे रिपोर्टही अधिक डोळसपणे वाचता येतात. शिवाय फार्मसीच्या विद्यार्थ्याला नुसते ‘गरज नाही’ एवढे सांगून वाटेला लावणे बरे दिसत नाही.

लिग्नोकेनला आपल्याकडे डॉक्टर आणि मेडिकलवाले सर्रास झायलोकेन म्हणतात. स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी १९४३ साली ते तयार केले आणि १९४८ साली ते बाजारात आले. टाके घालताना आणि दाढ काढताना तेवढाच भाग बधिर करण्यासाठी ते टोचतात. हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणारे घातक अनियमित ठोके आवरण्यासाठी ते शिरेतूनही देतात. शरीरात गेलेल्या लिग्नोकेनचा एक दशांशापेक्षा कमी भाग लघवीवाटे तसाच बाहेर पडतो, बाकीचे जवळजवळ सगळे यकृतात मोडले जाते. यकृताच्या पेशींतील सीवायपी-३ए४ आणि सीवायपी-१ए२ ही दोन विकरे (एन्झाइम) लिग्नोकेनच्या रेणूवरून इथिलचा एक गट काढून टाकतात आणि त्यातून मोनोइथिलग्लायसिनझायलिडाइड नावाचे द्रव्य तयार होते. हे नाव उच्चारण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. सगळे त्याला एमईजीएक्स म्हणतात आणि तपासणीलाही तेच नाव पडले आहे.

तपासणीमागचा विचार साधा आणि माझ्या मते फार देखणा आहे. एसजीपीटी पाहून यकृताच्या पेशींना इजा होत आहे एवढे कळते. अल्ब्युमिन पाहून गेल्या काही आठवड्यांत यकृताने किती प्रथिन तयार केले याचा अंदाज येतो, कारण अल्ब्युमिनचे अर्धायुष्य (प्रमाण निम्म्यावर येण्यास लागणारा काळ) सुमारे तीन आठवड्यांचे असते. म्हणजे एक आकडा इजेचा आणि दुसरा मागील हिशेबाचा झाला. एमईजीएक्सच्या तपासणीत मात्र यकृतापुढे एक ठरावीक काम ठेवायचे आणि ते पाव तासात किती उरकते ते मोजायचे. अशा तपासण्यांना गतिशील तपासण्या म्हणतात. १९८७ साली जर्मनीतील मायकेल ओलेरिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत पुढे आणली, तेव्हा त्यांच्यासमोरचा प्रश्न यकृत प्रत्यारोपणाचा होता. दात्याचे यकृत बसवण्याजोगे आहे की नाही याचा निर्णय थोड्या वेळात घ्यावा लागतो, आणि तेथे पाव तासात मिळणाऱ्या नमुन्याला मोल होते. त्यानंतर प्रत्यारोपणाची वाट पाहणारे सिऱ्होसिसचे (यकृत व्रणांनी निबर होण्याच्या आजाराचे) रुग्ण, अतिदक्षता विभागातील अत्यवस्थ रुग्ण आणि विषाणूजन्य हिपॅटायटिसचे जुने रुग्ण यांच्यातही ती करून पाहण्यात आली.

प्रत्यक्षात ती करतात ती अशी. रुग्ण उपाशी असतो. आधी ईसीजी पाहतात, कारण हृदयातील विद्युतवहनात अडथळा असलेल्या माणसाला शिरेतून लिग्नोकेन देणे धोक्याचे आहे. फिट्स येणाऱ्या रुग्णाच्या बाबतीतही हात आखडता घ्यावा लागतो. वजन करतात, कारण मात्रा किलोला १ मिलिग्रॅम या हिशेबाने ठरते. ६० किलोच्या माणसाला ६० मिलिग्रॅम लागतात, म्हणजे २ टक्क्यांच्या द्रावणाचे ३ मिलिलिटर. हे द्रावण शिरेतून देण्यासाठीचेच असावे लागते. दातांच्या दवाखान्यात वापरतात त्या बाटलीत रक्तवाहिन्या आकसवण्यासाठी ॲड्रेनलिन मिसळलेले असते आणि ते शिरेत जाऊन मुळीच चालत नाही. औषध देण्यापूर्वी रक्ताचा एक नमुना घेतात, मग एक ते दोन मिनिटांत सावकाश इंजेक्शन देतात आणि बरोबर १५ मिनिटांनी दुसऱ्या हातातून दुसरा नमुना घेतात. काही ठिकाणी ३० आणि ६० मिनिटांनीही घेत. काही रुग्णांना क्षणभर ओठांभोवती मुंग्या येतात, कानात गुणगुण होते, थोडे गरगरते आणि काही मिनिटांत सगळे निवळते. नमुन्यातील एमईजीएक्स पूर्वी प्रकाशध्रुवणावर आधारलेल्या इम्युनोअसेने मोजत, तसेच एचपीएलसी या द्रव्ये वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावरही मोजतात आणि उत्तर मिलिलिटरला नॅनोग्रॅम अशा एककात देतात. निरोगी प्रौढांत ते बहुधा ५० च्या पुढे असते, पण माणसामाणसांत बराच फरक पडतो. सिऱ्होसिस वाढत जाईल तसे ते खाली येते, आणि प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षेतील रुग्णांत ते १० च्या खाली गेले की पुढचा काळ कठीण समजत.

इथवर वाचले की ही तपासणी सगळीकडे का होत नाही असा प्रश्न कोणालाही पडेल. तिची खरी अडचण औषधाच्या स्वभावात आहे. लिग्नोकेन हे यकृत अधाशीपणे खेचून घेते. यकृतातून एकदा वाहत गेलेल्या रक्तातील साधारण सत्तर टक्के लिग्नोकेन त्याच फेरीत काढून घेतले जाते. त्यामुळे एमईजीएक्स किती तयार होईल हे पेशींच्या क्षमतेवर जितके अवलंबून असते, तितकेच यकृतात रक्त किती पोहोचते यावरही असते. साखर कारखान्याचे त्या दिवसाचे गाळप कमी भरले, तर मिलमध्ये बिघाड झाला की उसाच्या गाड्याच कमी आल्या हे नुसत्या गाळपाच्या आकड्यावरून सांगता येत नाही, तसेच हे आहे. सिऱ्होसिसमध्ये दोन्ही गोष्टी एकदम होतात: पेशी कमी होतात, आणि आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या प्रवेशिनी शिरेतील दाब वाढल्याने बरेच रक्त यकृताला वळसा घालून आडवाटेने निघून जाते. म्हणून सिऱ्होसिसमध्ये आकडा खात्रीने पडतो. पण हृदय मंदावलेल्या, रक्तदाब घसरलेल्या किंवा जुलाब-उलट्यांनी शरीरातील पाणी कमी झालेल्या माणसाचाही पडतो, त्याचे यकृत धडधाकट असले तरी.

दुसरी अडचण चालू औषधांची आहे, आणि पुतण्याने ती विशेष लक्षात घ्यावी. अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटू नयेत म्हणून सिऱ्होसिसच्या रुग्णाला प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल देतात. या गोळ्यांचे कामच यकृताकडे जाणारा रक्ताचा लोंढा कमी करण्याचे आहे. म्हणजे ज्या रुग्णाची तपासणी करावीशी वाटते, त्याच्याच आकड्यात त्याच्याच उपचाराची भेसळ होते. एरिथ्रोमायसिन, केटोकोनॅझोल, ॲमिओडॅरोन यांसारखी औषधे सीवायपी-३ए४ला रोखून एमईजीएक्स कमी दाखवतात. उलट क्षयरोगाच्या उपचारातील रिफाम्पिसिन आणि फिट्सवरील फेनिटोइन या विकरांचे प्रमाण वाढवतात. बिडी-सिगारेटच्या धुराने सीवायपी-१ए२ वाढते. हा परिणाम धुरातील रसायनांचा आहे, निकोटिनचा नाही, त्यामुळे आपल्याकडे घरोघरी चालणाऱ्या तंबाखू-चुन्याने तो होत नाही. बायकांत गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आकडा कमी येतो. इतकी सगळी कारणे वगळल्याशिवाय ज्या आकड्याचा अर्थ लागत नाही, तो आकडा एका माणसाच्या बाबतीत निर्णयाला पुरत नाही. शेकडो रुग्णांच्या गटाची सरासरी काढणाऱ्या संशोधकाला तो पुरतो, आणि माझ्या मते या तपासणीची जागा तेथेच आहे.

आता विषाणूजन्य हिपॅटायटिसमध्ये ती काय सांगते ते पाहू. येथे एक घोळ वारंवार होतो, तो आधी दूर करतो. अशा रुग्णाच्या यकृताविषयी तीन वेगवेगळे प्रश्न असतात. यकृताला सध्या किती इजा होत आहे, आजवरच्या इजेने त्यात किती व्रण (इजा भरून येताना उरणारा निबर भाग) साठला आहे, आणि उरलेले यकृत शरीराची गरज भागवते की नाही. रिपोर्टवर ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’ असे छापलेले असते, पण त्यातील एसजीओटी आणि एसजीपीटी हे फक्त पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतात. एमईजीएक्स तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते. हिपॅटायटिस ‘बी’ किंवा ‘सी’ वर्षानुवर्षे अंगात असलेल्या, पण तक्रार नसलेल्या माणसाच्या उपचाराचा निर्णय मात्र मुख्यतः पहिल्या दोन प्रश्नांवर आणि विषाणूच्या संख्येवर होतो. यकृताचा राखीव साठा एवढा मोठा असतो की व्रण बराच वाढेपर्यंत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘भागते आहे’ असेच येते. जुनाट हिपॅटायटिसच्या रुग्णांत एमईजीएक्स मोजले गेले तेव्हाही हेच दिसले. सिऱ्होसिस झालेल्यांचा गट निरोग्यांपासून स्पष्ट वेगळा पडतो. परंतु सौम्य आणि मध्यम व्रण असलेल्यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळतात की समोर बसलेला एक माणूस कोणत्या गटातला, हे त्यावरून ठरवता येत नाही. आणि नेमके तेच आपल्याला हवे असते.

अचानक येणाऱ्या काविळीची गोष्ट वेगळी आहे. हिपॅटायटिस ‘ए’ आणि ‘ई’ दूषित पाण्यातून पसरतात, आणि टँकर, फुटकी जलवाहिनी, गटाराशेजारून जाणारा नळ हे ज्यांच्या रोजच्या जगण्यात आहे त्या मराठवाड्यातील वाचकांना ते समजावून सांगण्याची गरज नाही. अशा तीव्र आजारात शरीरातून लिग्नोकेन जाण्याचा वेग मंदावतो आणि रुग्ण बरा झाला की तो पुन्हा वाढतो, हे १९७०च्या दशकातच दाखवले गेले होते. त्यामुळे तपासणी कागदावर शक्य आहे, पण खाटेपाशी कोणी ती करीत नाही, कारण तेथे तिच्यापेक्षा कितीतरी सोपे आणि भरवशाचे साधन प्रत्येक तालुक्यात असते. ते म्हणजे प्रोथ्रॉम्बिन टाइम आणि त्यावरून काढलेला आयएनआर. रक्त गोठवणारे सातवे घटकद्रव्य यकृतात बनते आणि त्याचे अर्धायुष्य अवघे काही तासांचे असते. त्यामुळे यकृताचे काम आज बंद पडले तर उद्याच्या आयएनआरमध्ये ते दिसते. एका अर्थाने हीच आपली गतिशील तपासणी आहे, आणि तिला कोणतेही औषध टोचावे लागत नाही.

येथे थोडे थांबून एक उदाहरण देतो, कारण याच ठिकाणी घरचे लोक आणि कधी कधी डॉक्टरही फसतात. समजा सात महिन्यांच्या गरोदर बाईला कावीळ झाली आहे. पहिल्या दिवशी एसजीपीटी २४००, बिलिरुबिन १२ आणि आयएनआर १.४ आहे. तिसऱ्या दिवशी एसजीपीटी ६०० वर उतरते आणि घरात सगळ्यांना हायसे वाटते. पण त्याच कागदावर बिलिरुबिन २२ झालेले असते, आयएनआर २.६ झालेला असतो, आणि बाई दिवसा झोपते, रात्री जागते, विचारलेल्याला उशिरा उत्तर देते. येथे एसजीपीटी कमी झाले ते इजा थांबली म्हणून नव्हे, तर नाश पावण्याजोग्या पेशीच फारशा उरल्या नाहीत म्हणून. अशा रुग्णाला त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात हलवावे लागते. हिपॅटायटिस ‘ई’मध्ये गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. आयएनआर वाढलेला दिसला की जीवनसत्त्व ‘के’चे इंजेक्शन देऊन तो पुन्हा पाहावा असा शिरस्ता आहे. पित्ताचा मार्ग तुंबल्यामुळे जीवनसत्त्व शोषले जात नसेल तर तो दुसऱ्या दिवशी सुधारतो. सुधारला नाही तर दोष यकृताच्या पेशींतच आहे. मात्र या प्रयोगासाठी रुग्णाला हलवण्यात उशीर करू नये. आणि चुन्याच्या निवळीत हात धुऊन पिवळे पाणी काढणे, गळ्यात काविळीची माळ घालून ती लांबण्याची वाट पाहणे, नाकात कसला तरी रस पिळणे यांत जे दोन दिवस जातात, ते अशा रुग्णाला परत मिळत नाहीत.

आता आपल्या बंधूंचे कागद घेऊ. त्यांचे बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि आयएनआर हे तिन्ही ठीक आहेत, पोटात पाणी नाही, गुंगी नाही. उद्या तपासात सिऱ्होसिस निघाला, तरी सिऱ्होसिसची तीव्रता गुणांत मोजणाऱ्या चाइल्ड-प्यू पद्धतीने त्यांचे ५ गुण होतील, म्हणजे ‘ए’ वर्ग, सर्वांत सौम्य. तेव्हा यकृत काम करते की नाही या प्रश्नाचे उत्तर आजच हातात आहे. लिग्नोकेन टोचून त्यात भर पडणार नाही.

व्रण किती आहे हा खरा प्रश्न आहे आणि त्याचा पहिला अंदाज कागद-पेन्सिलीने काढता येतो. एपीआरआय नावाचे एक गणित आहे. रुग्णाच्या एसजीओटीला प्रयोगशाळेच्या कमाल मर्यादेने भागायचे, ती येथे ४० धरू, म्हणजे १.५५ येतात, त्याला १०० ने गुणून हजारांत मोजलेल्या प्लेटलेटने म्हणजे १९० ने भागायचे. उत्तर सुमारे ०.८२ येते. दुसरे गणित फिब-४चे. वय गुणिले एसजीओटी, म्हणजे ४६ गुणिले ६२, बरोबर २८५२. त्याला प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ, म्हणजे १९० गुणिले ९, बरोबर १७१० ने भागायचे. उत्तर १.६७ येते. हे १.४५ ते ३.२५ या मधल्या, काहीच ठामपणे न सांगणाऱ्या पट्ट्यात पडते. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या हिपॅटायटिस ‘बी’विषयक मार्गदर्शनानुसार प्रौढांत एपीआरआय ०.५ च्या वर असेल तर लक्षणीय व्रण आणि १ च्या वर असेल तर सिऱ्होसिस असण्याची शक्यता धरतात. त्याच मार्गदर्शनात पुरुषांसाठी एसजीपीटीची कमाल मर्यादा ३० धरली आहे. त्या मापाने बंधूंचे ८१ हे ‘थोडेसे वाढलेले’ नाही, अडीच पटीहून अधिक आहे. ‘त्रास नाही म्हणजे काही नाही’ असे म्हणून हे कागद कपाटात ठेवून देण्यासारखे नाहीत.

म्हणून दोन तपासण्या कराव्यात. एक एचबीव्ही डीएनए, म्हणजे रक्तातील विषाणूची संख्या. ती मिलिलिटरला २००० आंतरराष्ट्रीय एककांच्या वर असेल आणि एसजीपीटी वाढलेले असेल तर उपचार सुरू करण्याची शिफारस आहे. दुसरी फायब्रोस्कॅन, ज्यात बरगड्यांच्या मधून एक हलका धक्का देऊन त्याच्या लहरी यकृतातून किती वेगाने जातात यावरून यकृत किती ताठ झाले आहे ते मोजतात. सुई नाही, दुखणे नाही, पाच-दहा मिनिटांचे काम. फक्त आधी तीन तास काही खाऊ नये. ७ किलोपास्कलच्या वर लक्षणीय व्रण आणि १२.५ च्या वर सिऱ्होसिस असे माप धरतात. एसजीपीटी फार चढलेले असताना किंवा दारू चालू असताना हा आकडा फसवा मोठा येतो, पण बंधूंचे एसजीपीटी तितके चढलेले नाही. दारूचे त्यांनी खरे काय ते डॉक्टरांना सांगावे. फायब्रोस्कॅन जवळ मिळाला नाही तरी अडून बसू नये. चांगली सोनोग्राफी, प्लेटलेट आणि वरचे गणित एवढ्यावरही उपचाराचा निर्णय होऊ शकतो.

राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ पासून सुरू आहे आणि त्यात विषाणूच्या संख्येची तपासणी व औषधे मोफत मिळतात. पुण्याच्या गाडीचे तिकीट काढण्यापूर्वी परभणीच्या जिल्हा रुग्णालयात या कार्यक्रमाची चौकशी करावी. तेथे सोय झाली नाही तर छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय किंवा नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. उपचार सुरू करण्याचे ठरले तर टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर यांपैकी एक गोळी रोज घ्यावी लागते, ती बहुधा अनेक वर्षे, आणि बरे वाटते म्हणून स्वतःच्या मनाने ती बंद केल्यास विषाणू उसळून यकृताला अचानक मोठी इजा होऊ शकते. पत्नी, मुले आणि भावंडे यांनीही रक्त तपासून घ्यावे आणि ज्यांना संसर्ग नाही त्यांनी लस घ्यावी.

यकृताच्या इतर गतिशील तपासण्यांचा उल्लेख पुतण्यासाठी करून ठेवतो. इंडोसायनिन ग्रीन नावाचा हिरवा रंग शिरेतून देऊन १५ मिनिटांनी रक्तात किती उरला ते पाहणे, ही त्यांतील सर्वांत टिकलेली. यकृताचा मोठा भाग कापायचा असेल तेव्हा काही शल्यचिकित्सक तिचा आधार घेतात, जपानमध्ये विशेष. कार्बन-१३ असलेले मेथासेटिन पाजून श्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजण्याची पद्धतही आहे. प्रत्यारोपणाच्या यादीतील क्रमासाठी मात्र बिलिरुबिन, आयएनआर आणि क्रिएटिनिन या साध्या आकड्यांवर उभ्या राहिलेल्या मेल्ड गुणांकाने या सगळ्यांना मागे टाकले. त्याचे कारण अचूकतेत जितके आहे तितकेच या गोष्टीत आहे की तो कोणत्याही गावात, कोणत्याही दिवशी, रुग्णाला काहीही न टोचता काढता येतो.

राहिली दाढ. यकृत खराब असेल तर लिग्नोकेन शरीरात जास्त वेळ राहते हे दंतवैद्यांचे म्हणणे खरे आहे. निरोगी माणसात त्याचे अर्धायुष्य दीड ते दोन तास असते आणि सिऱ्होसिसमध्ये ते दुपटीहून अधिक होऊ शकते. पण प्रश्न मात्रेचा आहे. दाढेसाठी साधारण २ ते ४ मिलिलिटर औषध लागते, म्हणजे २ टक्क्यांच्या द्रावणाने ४० ते ८० मिलिग्रॅम, आणि ते हिरडीजवळच्या ऊतींतून हळूहळू रक्तात उतरते. ॲड्रेनलिनयुक्त लिग्नोकेनची एकावेळची कमाल मर्यादा किलोला ७ मिलिग्रॅम आणि एकूण ५०० मिलिग्रॅम मानतात. बंधूंचे यकृत आजच्या कागदांवरून काम करते आहे. त्यांना ही मात्रा देण्यात यकृताच्या बाजूने हरकत नाही. सिऱ्होसिस पुढे गेलेल्या रुग्णातही बहुधा भूल नाकारत नाहीत, मात्रा कमीत कमी ठेवतात आणि एकाच बैठकीत तीन-चार दाढा काढायला घेत नाहीत.

दाढ काढताना यकृताच्या रुग्णाला खरी भीती रक्त न थांबण्याची असते. त्यासाठी आयएनआर आणि प्लेटलेट पाहावे लागतात, आणि बंधूंचे दोन्ही आकडे दाढ काढण्याजोगे आहेत. दंतवैद्यांना विषाणूच्या संसर्गाची धास्ती वाटत असेल, आणि परत पाठवण्यामागे तेही एक कारण असावे असा मला दाट संशय आहे, तर त्यावरचा उपाय हातमोजे, चष्मा, ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक केलेली हत्यारे आणि दवाखान्यातील सर्वांनी घेतलेली हिपॅटायटिस ‘बी’ची लस हा आहे. ही काळजी प्रत्येक रुग्णासाठी घ्यायचीच असते, कारण आपल्या अंगात विषाणू आहे हे बहुसंख्य लोकांना ठाऊकच नसते. बंधूंनाही रक्तदान करेपर्यंत नव्हते. हे उत्तर आणि रिपोर्ट दंतवैद्यांना दाखवावेत, आणि तरीही ते तयार नसतील तर जवळच्या शासकीय रुग्णालयाच्या दंत विभागात जावे.

दाढ काढल्यावर दुखेल तेव्हा पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची एक गोळी घ्यावी, दोन गोळ्यांत सहा तासांचे अंतर ठेवावे आणि व्रणाचा पूर्ण उलगडा होईपर्यंत दिवसाला चारच्या पुढे जाऊ नये. डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन मेडिकलमधून परस्पर आणून घेऊ नये. दंतवैद्य अँटिबायोटिक लिहून देणार असतील, तर अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनेटच्या ऐवजी नुसते अमॉक्सिसिलिन चालेल का हे त्यांना विचारावे, कारण क्लॅव्ह्युलेनेटमुळे काही जणांना औषधाची कावीळ होते, आणि हिपॅटायटिस ‘बी’ असलेल्या माणसात ती झाली तर कारण कोणते हे शोधण्यात आठवडे जातात.